नाराज स्टारला पगार वाढवून थांबवावं का?

बेझनबागचा खजिनदार

रविवारी सकाळची मॅच संपली आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमच्यात हा वाद पेटला. विषय होता इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला. सत्तर वर्षांनी त्यांना देशातली मोठी ट्रॉफी मिळाली आणि फायनलमध्ये इसाकचाही गोल होता. पाच महिन्यांनी तोच माणूस संघात दिसेना. करार २०२८ पर्यंतचा, पण मन उडालेलं. ऑगस्टमध्ये त्याने जाहीर लिहिलं की मला दिलेला शब्द पाळला नाही. क्लबचं उत्तर होतं की सोडून देण्याचा शब्द आम्ही दिलाच नव्हता. शेवटी १ सप्टेंबरला साडेबारा कोटी पौंडांत तो लिव्हरपूलला गेला.

आमच्यातल्या अर्ध्या पोरांचं म्हणणं असं की न्यूकॅसलने वेळेवर पगार वाढवला असता तर तो राहिला असता. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचं मन गेलं त्याला पैसे देऊन थांबवलं तर क्लब फक्त मुदत विकत घेतो, खेळाडू नाही.

किलियन एम्बापे बघा. मे २०२२ मध्ये रेआल माद्रिद दारात उभं असताना पॅरिसच्या क्लबने, पीएसजीने, त्याला भरमसाट पैसे देऊन थांबवलं. एका वर्षात त्याने कळवलं की करार पुढे वाढवणार नाही. मग त्याला जपान दौऱ्यातून वगळलं, मग परत घेतलं, आणि २०२४ मध्ये तो फुकटात माद्रिदला गेला. मोनॅकोकडून त्याला घेताना अठरा कोटी युरो मोजले होते, जाताना एक पैसा हातात आला नाही. आणि पुढच्याच मोसमात, त्याच्याशिवाय, पॅरिसने म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० ने हरवून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. सगळे धावत होते, सगळे मागे येऊन बॉल हिसकावत होते. ती फायनल मी पहाटेपर्यंत जागून पाहिली आणि असा संघ मी फार दिवसांनी पाहिला.

हे मी टीव्ही पाहून बोलत नाही. नऊ वर्षं मोहल्ल्याच्या टीमचा हिशेब माझ्याकडे आहे. आमचा एक स्ट्रायकर होता, फार गुणी पोरगा. बाकीच्यांना येण्याजाण्याचे पैसे आणि नाश्ता, त्याला मॅचमागे ३०० रुपये. दुसऱ्या टीमने हजार म्हटल्यावर त्याने सराव सोडला. कमिटीने घाबरून १२०० केले. मीही सही केली. पुढच्या महिन्यात लेफ्ट हाफने विचारलं, मग स्टॉपरने. गोलकीपरने काहीच विचारलं नाही, तो यायचाच बंद झाला. सायकलने बारा किलोमीटर यायचा तो पोरगा. स्ट्रायकर त्या हंगामानंतर गेलाच. आमच्याकडे ना स्ट्रायकर उरला ना गोलकीपर.

म्हणून माझं मत पक्कं आहे. नाराज स्टारला वाढीव पैसे देऊ नयेत. विकावं, आणि वेळेवर विकावं.

कामठीचा जुना गोलकीपर

खजिनदार भाऊ, तुमच्या मांडणीत एक गोष्ट राहून गेली. त्या पोराला ३०० रुपये किती वर्षं देत होते? गोल त्याचे, गर्दी त्याच्या नावाची, बक्षिसाची रक्कम टीमची. दुसऱ्याने हजार म्हटलं तेव्हाच तुम्हाला त्याची किंमत कळली. याला मी खेळाडूची नाराजी म्हणत नाही, आपली चूक म्हणतो.

मी वीस वर्षं कामठीत गोलपोस्टमध्ये उभा राहिलो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय ते नागपूरवाल्यांना सांगायला नको. खेळाडूचं वय असतं हो बाबा. तीस-बत्तीसला गुडघा बोलायला लागतो आणि मग कोणी विचारत नाही. त्या दहा वर्षांत जे मिळेल तेवढंच. क्लबला शंभर वर्षं आहेत, पोराजवळ दहा. तो हक्काने मागत असेल तर त्याला लालची म्हणू नका.

आणि मँचेस्टर युनायटेडच्या वेन रूनीचं काय? २० ऑक्टोबर २०१० ला त्याने सांगितलं की मँचेस्टर युनायटेड चांगले खेळाडू आणेल याची खात्री क्लब देत नाही, म्हणून मी करार वाढवत नाही. दोन दिवसांनी पाच वर्षांचा नवा करार झाला. पैसे वाढवले, माणूस राहिला. त्याच मोसमात लीग जिंकली. फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्धचा तो हवेतला ओव्हरहेड गोल आठवा. पुढे २५३ गोल करून तो युनायटेडचा सर्वाधिक गोल करणारा झाला. मॅनेजर फर्ग्युसनसारखा कडक माणूससुद्धा त्या दिवशी हट्टाला पेटला नाही. त्याला कळत होतं की राग वेगळा आणि खेळ वेगळा.

बेझनबागचा खजिनदार

रूनीचं उदाहरण पुरं सांगा ना काका. २०१३ मध्ये पुन्हा तीच नाराजी, चेल्सीच्या ऑफर, आणि २०१४ मध्ये पुन्हा नवा मोठा करार. एकदा रडल्यावर मिळालं की दुसऱ्यांदा रडायला किती वेळ लागतो?

तीनशे रुपयांबद्दल तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. तीन वर्षं तेवढेच देत होतो.

मोहननगर नऊ नंबर

भाऊ, तुम्ही दोघं बी पैशावरच अडकून राहिले. मँचेस्टर सिटीचा कार्लोस तेवेझ आठवा ना. २०११ मध्ये बायर्नच्या मॅचला म्युनिकमध्ये मॅनेजर मान्चिनीसंगं भांडण झालं, तो बेंचवरून मैदानात गेलाच नाही. मग पठ्ठ्या अर्जेंटिनाला जाऊन बसला, तीन महिने. सिटीजवळ पैशाची काय कमी होती? पण पगार नाही वाढवला, दंड केला. फेब्रुवारीत तो परत आला, माफी मागितली, आणि त्यांनी घेतलं बी. एप्रिलमध्ये नॉर्विचला तीन गोल मारले आणि मे महिन्यात सिटी चॅम्पियन. म्हणजे दार उघडं ठेवा, तिजोरी नका उघडू. मले तर हेच बरोबर वाटून राहिलं.

धरमपेठ हिशेबनीस

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि आर्सेनलचा चाहता, दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. खजिनदारसाहेब, आपल्या मूळ मांडणीत हिशेबाचीच चूक आहे असं मला नम्रपणे म्हणायचं आहे.

करार वाढवणं म्हणजे फक्त पगार वाढवणं नव्हे. ट्रान्सफरच्या बाजारात क्लब खेळाडू विकत नाही, त्याच्या कराराची उरलेली वर्षं विकतो. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपला की युरोपातला खेळाडू फुकट जातो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी बोलून मोकळा होऊ शकतो. म्हणजे दरवर्षी करार एक वर्षाने वितळतो आणि त्याबरोबर किंमतही. पगार वाढवून तीन-चार वर्षं जोडली, तर ती वाढ म्हणजे किमतीचा विमा आहे. हप्ता महाग वाटतो, पण भरपाई पाहा.

मोइसेस कायसेडोचं प्रकरण माझ्या मते या वादातलं सगळ्यात बोलकं आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याने उघड पत्र लिहून ब्रायटनला सांगितलं, मला जाऊ द्या. आर्सेनलला तो हवा होता, मी स्वतः रोज बातम्या चाळत होतो. ब्रायटनने नकार दिला आणि ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खरेदी-विक्रीची मुदत, बंद होईपर्यंत त्याला सुटीवर पाठवलं. तो परत आला, खेळला. मार्चमध्ये त्याच्याशी २०२७ पर्यंतचा नवा करार केला. ब्रायटन त्या मोसमात सहावं आलं आणि पहिल्यांदा युरोपात खेळायला गेलं. ऑगस्टमध्ये चेल्सीने त्याच्यासाठी दहा कोटी पौंड दिले, आणि अटींनुसार ते साडेअकरा कोटींपर्यंत जाणार होते. तो थांबला, संघ वर गेला, क्लबला पैसे मिळाले आणि शेवटी त्यालाही मोठा क्लब मिळाला. यात कोणाचं नुकसान झालं?

एम्बापेच्या बाबतीत चूक पैसे देण्याची नव्हती. इतके पैसे देऊनही मुदत इतकी आखूड ठेवली की दोन वर्षांत तो मोकळा झाला, ही चूक होती. हप्ता भरला, पॉलिसी घेतलीच नाही.

शुभदा, लक्ष्मीनगर

मी मुलींना शिकवते. वस्तीतल्या मुली, बहुतेक अनवाणी सुरुवात केलेल्या. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू केलं, तेव्हापासून या शहरात वस्तीतली मुलं-मुली फुटबॉलच्या मैदानावर दिसायला लागली. त्या वाटेवरच मीही चालते आहे. त्यामुळे पौंड आणि युरोवर बोलण्याचा माझा फारसा अधिकार नाही, पण नाराजी मी रोज बघते.

माझी सगळ्यात चांगली मिडफिल्डर गेल्या पावसाळ्यात अचानक गप्प झाली. सरावाला उशिरा यायची, पास मुद्दाम वाईट द्यायची. मला वाटलं, दुसऱ्या संघाने बोलावलं असेल. दोन आठवड्यांनी कळलं, मी तिची जागा बदलली होती, सहा नंबरवरून विंगला. मला ती बढती वाटली. तिला वाटलं मी तिला मधून काढून कडेला टाकलं. तिच्या आईने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी बूट घेऊन देऊन तिची समजूत घालणार होते.

म्हणून म्हणते, आधी विचारा की नाराज कशासाठी आहे. मोहम्मद सलाह घ्या. एप्रिल २०२५ मध्ये लिव्हरपूलने त्याला दोन वर्षांचा नवा करार दिला. मोसम संपला तेव्हा त्याचे लीगमध्ये २९ गोल आणि क्लब चॅम्पियन. पैसे, मान, सगळं मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीड्सची ३-३ ची मॅच झाल्यावर तो पत्रकारांसमोर म्हणाला की सगळा दोष माझ्यावर ढकलला जातो आहे आणि मॅनेजरशी माझं नातं उरलेलं नाही. का? सलग तीन मॅच सुरुवातीच्या अकरात नव्हता म्हणून. आठ महिन्यांपूर्वीच्या सहीने त्या बेंचचं दुःख कमी झालं नाही. पगारातून बेंचवर बसण्याची भरपाई होत नाही, निदान अशा माणसाची होत नाही.

मोहननगर नऊ नंबर

ताई, एकदम बरोबर. आमच्या कोचला दाखवतो हे.

इतवारीचा दुकानदार

माझा मुद्दा छोटा आहे. दुकानात सहा पोरं कामाला आहेत. एक पोरगा गिऱ्हाईक ओढून आणतो. त्याला जास्त देतो आणि का देतो ते सगळ्यांसमोर सांगतो. गुपचूप दिलं की आग लागते. खजिनदारांच्या टीममध्ये १२०० दिले ते बंद खोलीत दिले असतील, म्हणून लेफ्ट हाफ आणि स्टॉपर उठले.

धरमपेठ हिशेबनीस

दुकानदारसाहेबांचं म्हणणं मोठ्या क्लबांनाही लागू पडतं, आणि इथे मला माझ्याच बाजूविरुद्ध बोलावं लागेल. मेसुट ओझिल. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या कराराचे सहा महिने उरले होते. आर्सेनलचा दुसरा स्टार सांचेझ हातातून निसटत होता, तो त्याच महिन्यात युनायटेडला गेलाही. दोघं एकदम गेले तर लोक स्टेडियम डोक्यावर घेतील, या भीतीने आर्सेनलने ओझिलला आठवड्याला साडेतीन लाख पौंडांच्या आसपास दिले. शेवटी २०२० मध्ये त्याचं नाव लीगच्या यादीतही नव्हतं आणि न खेळता तो तोच पगार घेत होता. त्याचा दोष नाही, सही दोघांनी केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ऑबामेयांगला तीन वर्षं दिली. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचं कर्णधारपद काढलं आणि फेब्रुवारीत करार मोडून सोडून दिलं. एकाच क्लबने अडीच-तीन वर्षांत दोनदा तीच चूक केली, आणि दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता तर युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, नियम आहे की पगार, ट्रान्सफर आणि एजंट मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत पाहिजे. एका माणसाला भीतीपोटी दिलेला रुपया दुसऱ्या तिघांच्या ताटातून जातो.

तरी कायसेडोवरचं माझं मत मी मागे घेत नाही. वय बावीसच्या आत, चढती कमान, तिथे पैसे द्या. एकोणतिसाव्या वर्षी, फुकट जाण्याच्या भीतीने, देऊ नका.

बेझनबागचा खजिनदार

हिशेबनीस साहेब, कायसेडोवर मी दोन दिवस विचार केला. तुम्ही लिहिलेल्या क्रमाकडे परत बघा. आधी नकार. मग सुटी. मग तो परत येऊन खेळला. मग मार्चमध्ये, खिडकी बंद झाल्यावर, कोणी दारात उभं नसताना करार. २०१३ मध्ये लुइस सुआरेझचंही तसंच झालं होतं. आर्सेनलने चार कोटी एक पौंडाची ऑफर दिली, लिव्हरपूलने साफ नाही म्हटलं, त्याला एकट्याने सराव करायला लावला. मग तो खेळला, गोलांचा पाऊस पाडला, आणि डिसेंबरमध्ये नवा करार मिळाला. त्या मोसमात ३१ लीग गोल. लीग थोडक्यात हुकली आणि २०१४ मध्ये तो बार्सिलोनाला गेला, पण भरपूर मोठ्या रकमेला.

या दोघांना रुसव्यासाठी पैसे मिळाले नाहीत. रुसवा संपवून खेळल्याबद्दल मिळाले. एम्बापेला दिले ते रेआलच्या भीतीने दिले, ओझिललाही भीतीनेच दिले. मी माझ्या पहिल्या पोस्टमध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, ते चुकलं. डोक्यावर बंदूक असताना सही करू नये, एवढं मात्र मी अजूनही म्हणेन.

कामठीचा जुना गोलकीपर

रूनीच्या वेळी डोक्यावर बंदूकच होती, आणि सही बरोबर ठरली. तेवढं लक्षात ठेवा.

दुसरं असं की नाही म्हणणं क्लबला सोपं असतं. कागद त्यांच्या बाजूने आहे. फिफाच्या नियमात अठ्ठावीस वर्षांआधी करार केला तर पहिली तीन वर्षं, त्यानंतर केला तर दोन वर्षं, खेळाडू कारण नसताना करार मोडून गेला तर त्याच्यावर बंदी येते. आपल्याकडे अन्वर अलीने २०२४ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगाल धरलं, तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२.९ कोटींची भरपाई लावली, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मी त्याची बाजू घेत नाही, करार मोडणं चूकच. पण क्लबने खेळाडूला नको म्हटलं, बेंचवर सडवलं, दुसऱ्या गावी लोनवर फेकलं, तर कोणती समिती बसते? क्वचित. म्हणून खेळाडूजवळ एकच हत्यार उरतं, तोंड फुगवणं. इसाकने तेच केलं. मला ते आवडलं नाही, पण समजलं.

मोतीबागचा रेल्वेवाला

इतकं लिहिलं सगळ्यांनी, पण नागपूरच्या खेळाडूला काय हवं ते कोणी लिहिलं नाही. त्याला नोकरी हवी. मी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागलो. क्लबने मला मॅचमागे दोन हजार म्हटलं असतं तरी मी थांबलो नसतो, कारण दोन हजारातून घराचं कर्ज मिळत नाही. मी गेलो तेव्हा माझ्या जुन्या टीमने मला गद्दार म्हटलं. दोन वर्षं ज्यांच्यासोबत खेळलो ते रस्त्यात बोलायचे नाहीत. आज त्यांच्यातले तिघे मला विचारतात की भरती कधी निघते.

तुमचे एम्बापे आणि सलाह कोट्यधीश. त्यांनी रुसावं की नाही यावर बोलायला मजा येते. आपल्या मैदानावरचा पोरगा रुसतो तेव्हा बहुतेक वेळा घरी कोणीतरी आजारी असतं, नाहीतर बहिणीचं लग्न असतं. खजिनदार भाऊ, तो गोलकीपर का गेला, हे तुम्ही त्याला विचारलं होतं काय? की लेफ्ट हाफ आणि स्टॉपर पैसे मागत होते म्हणून तोही त्याच कारणाने गेला असं धरून चालले?

शुभदा, लक्ष्मीनगर

हाच प्रश्न मला पहिल्या पोस्टपासून विचारायचा होता.

बेझनबागचा खजिनदार

नाही विचारलं. हे वाचून काल रात्री फोन केला, नंबर जुनाच होता.

तो हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत लागला होता, त्याच हंगामात. रात्रपाळी. सकाळी सात वाजता सुटून बारा किलोमीटर सायकल मारून सरावाला येणं त्याला जमेना. स्ट्रायकरला १२०० मिळाले हे त्याला माहीतच नव्हतं, आता माझ्याकडून कळलं. तो हसला आणि म्हणाला, चांगला खेळायचा, मिळायलाच पाहिजे होते. मग म्हणाला, कमिटीचा कोणीतरी फोन करेल असं वाटलं होतं.

म्हणजे माझ्या पहिल्या पोस्टमधलं गोलकीपरचं उदाहरण मी मागे घेतो. लेफ्ट हाफ आणि स्टॉपरचं घेत नाही, ते दोघं पैशासाठीच उठले होते आणि दुकानदारसाहेब म्हणतात तसं आम्ही बंद खोलीतच दिले होते. एम्बापे आणि ओझिलवरही मी ठाम आहे.

आता त्याला पाळी बदलून मिळाली आहे आणि रविवारी सुटी असते. ग्लोव्हज फाटलेत म्हणाला, दहा नंबरचे लागतात. सीताबर्डीला आज जातो आहे. काका, कोणते घेऊ ते तुम्ही सांगा, मला त्यातलं काही कळत नाही.

कामठीचा जुना गोलकीपर

लॅटेक्सचे घे, बोटात काड्या नसलेले. आणि आधी पाण्यात भिजवून वापरायला सांग.